मत नाही म्हणून घास नाही ?

मायबाप सरकारांच्या औदार्याला हल्ली उधाण आले आहे. बंगळूरकडे पाहा की मुंबईकडे पाहा, जिकडे तिकडे स्त्रियांच्या कल्याणाचे नगारे वाजत आहेत. जून २०२३ मध्ये कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेखाली स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. त्याच वर्षी ३० ऑगस्टला म्हैसूर येथे ‘गृहलक्ष्मी’चा नारळ फुटला आणि घरातील कर्त्या स्त्रीच्या खात्यावर दरमहा २००० रुपये जमा करण्याचे ठरले. पुढल्या वर्षीच्या जुलैपासून महाराष्ट्राने ‘लाडक्या बहिणी’ला दरमहा १५०० रुपयांची ओवाळणी घातली. कर्नाटकातील हमी मे २०२३ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर देण्यात आली होती. महाराष्ट्रातील ओवाळणीनंतर पाच महिन्यांच्या आत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, तेथील विधानसभेची निवडणूक झाली. ह्या तारखांचा मेळ कसा बसतो, हे सुज्ञ वाचकांना आम्ही सांगावयास नको.

आम्ही ह्या पैशांच्या विरुद्ध नाही, हे प्रथमच निक्षून सांगतो. शहापूर-वडगावच्या विणकराच्या घरात दिवसभर कांड्या भरणाऱ्या बाईला, निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईला, स्वतःच्या नावावर महिन्याला दोन हजार रुपये मिळू लागले तर त्यात कोणाचे काय जाते? ज्या घरात बाईने पैसा मिळवावा आणि पुरुषाने तो मोजावा अशी वहिवाट आहे, तेथे हे दोन हजार तिच्या पाठीचा कणा थोडा ताठ करतात. “बायकांना फुकटची चटक लागते,” असे पान चघळत बोलणाऱ्या शहाण्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्याला मत आहे त्याच्या दारी सरकार चालून येते. मग ज्याला मत नाही त्याचे काय? पोटातल्या गर्भाला मत नाही. तीन वर्षांच्या पोराला मत नाही. शाळा सुटलेल्या पंधरा वर्षांच्या पोरीला मत नाही. ह्या तिघांच्या पानात सरकार काय वाढते ते पाहू या, आणि सरकारच्याच आकड्यांनी पाहू या.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्याची वाट दाखविणे आणि आयांना आहार-आरोग्याचे शिक्षण, अशा सहा सेवा अंगणवाडीने द्यावयाच्या. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. कल्पना थोर आहे, ह्यात शंका नाही. पण कल्पनेने पोट भरत नाही. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकाच्या पूरक आहारासाठी दररोज ८ रुपये, गर्भिणी व स्तनदा मातेसाठी साडेनऊ रुपये आणि तीव्र कुपोषित बालकासाठी १२ रुपये, असा दर केंद्राने २०१७ साली ठरविला. त्यापूर्वी बालकाचा दर ६ रुपये होता. हा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा सोसतात. म्हणजे एका पोराच्या पोटासाठी दिल्लीने चार रुपये काढावयाचे आणि बंगळूरने चार. बाजारात आज एका अंड्याला काय पडते, हे घरातल्या गृहिणीला विचारावे, आणि मग ह्या आठ रुपयांत धान्य, डाळ, तेल, भाजी हे सगळे कसे बसते ह्याचे गणित एखाद्या मंत्र्याकडून सोडवून घ्यावे.

आणखी एक सोपे गणित वाचकांपुढे ठेवतो. आहाराचे दिवस वर्षाला ३०० धरलेले आहेत. आठ गुणिले तीनशे, म्हणजे २४०० रुपये. हा एका बालकाचा वर्षाचा वाटा. गृहलक्ष्मीचा वर्षाचा वाटा २४,००० रुपये. मत असलेल्या आईला जे मिळते, त्याचा बरोबर दहावा हिस्सा तिच्या मत नसलेल्या पोराच्या आहाराला! आईचे कमी करून पोराला द्या, असे आम्ही म्हणत नाही. ती मागणी कोणी करू लागला तर त्याच्या आडवे आम्हीच प्रथम उभे राहू. पण एका खिशातून चोवीस हजार काढण्याची ऐपत ज्या सरकारांना आहे, त्यांनी दुसऱ्या खिशातून आठ रुपये काढताना तिजोरी रिकामी असल्याचे रडगाणे गाऊ नये.

न्यायाने सांगितले पाहिजे की कर्नाटक राज्याने काही बऱ्या गोष्टी केल्या आहेत. ‘क्षीरभाग्य’ योजनेने २०१३ पासून शाळांतल्या आणि अंगणवाड्यांतल्या मुलांच्या पेल्यात दूध आले. ‘मातृपूर्ण’ योजनेने २ ऑक्टोबर २०१७ पासून गर्भिणी व बाळंतिणीला अंगणवाडीत गरम जेवण वाढण्याचे ठरविले. आठ रुपयांत भागत नाही, ह्याची ही अप्रत्यक्ष कबुलीच आहे. पण ज्या गोष्टी कायद्याने दिल्याच पाहिजेत, त्या कृपा म्हणून वाटण्याची सवय काही सुटत नाही.

कायद्याचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा उघडून पाहावा. प्रत्येक गर्भिणीला आणि बाळंतपणानंतर सहा महिने मातेला स्थानिक अंगणवाडीतून विनामूल्य आहार मिळेल, आणि किमान ६००० रुपयांचे मातृत्व साहाय्य मिळेल, असे त्याचे चौथे कलम सांगते. सरकारी नोकरीतल्या आणि अन्य कायद्यान्वये तसाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या आहेत. पाचवे कलम बालकाच्या आहाराचे आहे, सहावे कुपोषित बालकाचे. कायदा संसदेने केला, त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. आणि पुढे काय झाले? साडेतीन वर्षे मातेच्या ओटीत ह्या कलमाचे काहीच पडले नाही म्हटले तरी चालेल. १ जानेवारी २०१७ पासून जी ‘प्रधानमंत्री मातृवंदना’ योजना देशभर लागू झाली, ती ५००० रुपयांची आणि तीही पहिल्याच अपत्यापुरती. जननी सुरक्षेचे पैसे मिळविले की सरासरी सहा हजार होतात, असा सरकारचा युक्तिवाद आहे. २०२२ पासून दुसऱ्या खेपेस मुलगी झाली तर ६००० रुपये देण्याची सुधारणा झाली. मुलीचा सन्मान होतो ही गोष्ट चांगलीच. पण दुसऱ्या खेपेस मुलगा झाला तर त्या मातेच्या वाट्याला शून्य! तिच्या अंगातले रक्त काय मुलगा आणि मुलगी पाहून आटते? कायदा ‘प्रत्येक’ म्हणतो, योजना ‘पहिली’ म्हणते. सावकाराने दस्तऐवजातला एक शब्द असा बदलला असता तर तो तुरुंगात गेला असता.

आता किशोरीकडे वळू. बालपण सरलेली आणि संसार न लागलेली ही पोर सरकारच्या हिशेबात नेहमीच फटीत पडते. २०१० साली ‘सबला’ नावाची योजना देशातील २०० जिल्ह्यांत निघाली. तिच्यात ११ ते १८ वर्षांच्या मुली होत्या. पुढे ती आखडून शाळेबाहेरच्या ११ ते १४ वर्षांच्या मुलींपुरती केली, पण सर्व जिल्ह्यांना लागू केली. २०२१ साली ‘पोषण २.०’ची नवी रचना झाली, तेव्हा वय १४ ते १८ झाले. पण योजना राहिली फक्त ‘आकांक्षित’ जिल्ह्यांपुरती आणि ईशान्येकडील राज्यांपुरती. कर्नाटकातील आकांक्षित जिल्हे दोन, रायचूर आणि यादगीर. बेळगाव त्यांत नाही. सीमेपलीकडचा कोल्हापूर महाराष्ट्राच्या यादीत नाही. आकांक्षा जिल्ह्यांना असते की माणसांना? बेळगावच्या यंत्रमागाच्या खोलीत शाळा सोडून कामाला लागलेली पंधरा वर्षांची पोर उपाशी असली तरी ती ‘आकांक्षित’ नाही, कारण तिचा जिल्हा यादीत नाही! देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींच्या अंगात पुरेसे रक्त नाही, असे २०१९-२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. त्याच्या आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ५४.१ होता. रोग वाढतो आहे आणि औषधाची बाटली मात्र लहान होत चालली आहे.

त्याच सर्वेक्षणातील आणखी दोन आकडे सीमाभागातील वाचकांनी मनावर कोरून ठेवावेत. पाच वर्षांखालील वाढ खुंटलेली बालके कर्नाटकात ३५.४ टक्के, महाराष्ट्रात ३५.२ टक्के. कागदावर ओढलेल्या ज्या एका रेघेसाठी आपण १९५६ पासून झगडतो आहोत, ती रेघ ह्या आकड्यांत शोधून सापडत नाही. चंदगडचे पोर आणि खानापूरचे पोर सारखेच खुजे राहते. कर्नाटकाचा आकडा आधीच्या सर्वेक्षणातील ३६.२ वरून किंचित उतरला; महाराष्ट्राचा ३४.४ वरून चढला. तेव्हा ज्या राज्यात जाण्यासाठी आपला जीव तळमळतो, त्या राज्याच्या ह्या नाकर्तेपणावर पांघरूण घालण्याचे पाप ह्या स्तंभातून होणार नाही. भुकेला मातृभाषा नसते. कानडी पोर उपाशी राहिले तर ते आपल्या विजयाचे लक्षण नव्हे, आपल्या आळीची नामुष्की आहे.

परवा शहराच्या दक्षिणेकडील एका गल्लीतल्या अंगणवाडीत आम्ही सकाळभर बसलो होतो. भाड्याची एक खोली. एका कोपऱ्यात शेगडी आणि तांदळाचे पोते, दुसऱ्या कोपऱ्यात वजनकाटा आणि वह्यांची चळत; उरलेल्या जागेत वीसेक पोरे. एक गर्भार बाई घरी न्यायच्या शिध्यासाठी आली. २०२५ च्या जुलैपासून ह्या शिध्यासाठी मोबाइलवर चेहरा ओळखून घेण्याची सक्ती झाली आहे. सेविकेने तिच्यासमोर मोबाइल धरला. यंत्राला ओळख पटेना. पुन्हा धरला, पुन्हा नाही. “तिसरी खेप हाय हिची दादा, फोटोच जुळंना,” सेविका आमच्याकडे वळून ओशाळून म्हणाली. बाई काही न बोलता पायरीवर बसून राहिली. गरोदरपणात चेहरा सुजतो, उतरतो, ही गोष्ट आपल्या घरातली कोणतीही म्हातारी सांगेल. ती सेविका त्या बाईला लग्न होऊन गल्लीत आल्यापासून ओळखते. पण तिच्या ओळखीला किंमत नाही. चोरी थांबविण्यासाठी हे केले म्हणतात. चोर गर्भार बाईच्या पदराआड लपला आहे काय? अंगणवाडीच्या आहारात ठेकेदारांना शिरकाव देऊ नये, महिला मंडळे, बचत गट आणि गावातील लोक ह्यांच्याकडून धान्यखरेदी आणि स्वयंपाक करवून घ्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजीच दिला होता. चोर कोठे शोधावा हे न्यायालयाला त्या वेळीच कळले होते.

आणि ही सेविका तरी कोण? पोरांना शिकविणे, जेवू घालणे, वजने घेणे, गर्भिणींच्या घरी खेटे घालणे, शिवाय सरकारचे वाटेल ते काम करणे, एवढे सगळे करणारी ही बाई नोकर नाही म्हणे! ती ‘मानद’ कार्यकर्ती. तिला पगार नाही, ‘मानधन’ आहे. केंद्राने २०११ नंतर थेट ऑक्टोबर २०१८ पासून हे मानधन वाढविले : सेविकेचे ३००० वरून ४५००, मदतनिसीचे १५०० वरून २२५०. राज्ये आपली भर त्यात घालतात, ही गोष्ट खरी. पण केंद्राच्या दृष्टीने मदतनिसीच्या दिवसाची किंमत ७५ रुपये ठरली, हीही तितकीच खरी. कर्नाटक शासन ज्यात पक्षकार होते अशा एका खटल्यात अंगणवाडी सेविकेचे पद हे मुलकी सेवेतील पद नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला, आणि सरकारे त्या निर्णयाच्या आड खुशाल बसली. पण २५ एप्रिल २०२२ रोजी त्याच न्यायालयाने, गुजरातेतील सेविकांच्या प्रकरणात, त्यांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू आहे असे सांगितले, आणि अन्नसुरक्षा कायद्याने लादलेले कर्तव्य ह्या बायका पार पाडतात हे मान्य केले. कर्तव्य कायद्याचे आणि दाम मात्र खुशीचे, हा कोणता न्याय? दुसऱ्याच्या पोरांना वाढणारी बाई स्वतःच्या पोरांसाठी उसनवारी करते, आणि तिच्या जिवावर ‘सक्षम’ नावाच्या योजना चालतात. ह्या बायकांपैकी कित्येक कानडी आहेत, कित्येक मराठी आहेत, कित्येक मुसलमान आहेत. त्या रस्त्यावर बसतात तेव्हा सीमाभागातील मराठी माणसाने त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन द्यावा.

त्या खोलीत आणखी एक गोष्ट डोळ्यांत सलली. भिंतीवरचे तक्ते कानडी, वह्या कानडी, आयांना भरून द्यायचा कागद कानडी. आणि पोरे आपसात बोलत होती ती मराठी. कानडी शिकण्याला आमचा विरोध नाही. शेजाऱ्याची भाषा येणे हे शहाणपणाचेच आहे. पण तीन वर्षांच्या पोराची पहिली ओळख घरच्या बोलीतून व्हावी, हे काही आमचे आडमुठे मत नव्हे. केंद्राच्या २०१३ च्या बालसंगोपन व शिक्षण धोरणात मातृभाषेचा आग्रह आहे, आणि प्राथमिक शिक्षणाबाबत भाषिक अल्पसंख्याकांना तोच हक्क घटनेच्या ३५० क कलमाने १९५६ पासून दिलेला आहे. आणि कागद वाचता न आल्यामुळे आईचा हप्ता अडकला, तर तो दोष आईचा की कागदाचा? ‘आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना’ अशी सीमाभागातील मराठी बाईची गत झाली आहे. मुंबई म्हणते, तू आमच्या राज्याची रहिवासी नाहीस; बंगळूर म्हणते, तुझा अर्ज नीट भरलेला नाही.

वास्तविक ‘अंगणवाडी’ हा शब्द आला कोठून? तो दिल्लीच्या सचिवालयात जन्मलेला नाही. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि जी पोरे शाळेपर्यंत येत नाहीत त्यांच्या अंगणातच शाळा नेली. तिच्यातून ही अंगणवाडी निघाली. बोर्डी हेही गुजरातच्या सीमेवरचेच गाव. मराठी बाईने सीमेवरच्या गावात घडविलेला हा शब्द आज सगळा देश वापरतो, आणि मराठी पोराला मात्र बेळगावच्या अंगणवाडीत त्या शब्दापलीकडे मराठी सापडू नये!

पण सगळा दोष सरकारच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. आपण सुशिक्षित, पांढरपेशे शहरवासी काय करतो? आपले पोर तीन वर्षांचे झाले की त्याला इंग्रजी बालवाडीच्या गणवेशात कोंबतो. अंगणवाडी ही ‘त्यांच्या’ पोरांची जागा, अशी आपली समजूत. आपल्याच आळीतली अंगणवाडी कोणत्या खोलीत भरते, तेथे संडास आहे की नाही, ह्याचा पत्ता आपल्यापैकी शंभरात पाचांना तरी आहे काय? मराठीच्या अस्मितेसाठी एक नोव्हेंबरला काळे झेंडे घेऊन निघणारे आपण, मराठी पोराच्या ताटात काय पडते हे पाहायला वर्षातून एक सकाळ काढत नाही. मेळाव्याच्या मंडपात ज्या भाषेचा जयजयकार करावयाचा, ती बोलणारे पोर गल्लीत खुजे राहिले, तर तो जयजयकार उद्या कोणी करावयाचा?

तेव्हा भाषणे पुरे. कामाला लागू या. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील ४० पोरे आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथील लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात म्हटले होते. हा आदेश खेड्यांना आणि झोपडवस्त्यांना उद्देशून होता. आपापल्या वस्तीतील पोरांची नावे ह्याच आठवड्यात वहीत लिहा आणि अशी मागणी लेखी नोंदवा. खानापूरच्या जंगलातील लहान वाड्यांत चाळीस पोरे भरणार नाहीत. त्यांच्यासाठी मिनी अंगणवाडीची तरतूद आहे, ती मागा. ज्या मातेला हप्ता मिळाला नाही, ज्या बालकाला आहार मिळाला नाही, त्यांच्या तक्रारी अन्नसुरक्षा कायद्याखाली नेमावयाच्या जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्या. आहार न मिळाल्यास त्याबद्दल राज्य सरकारने भत्ता द्यावा, असे त्याच कायद्याचे आठवे कलम सांगते. आणि ह्या सर्व तक्रारी मराठीत लिहा! राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत आपले गाऱ्हाणे सरकारपुढे मांडण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे. कारकुनाने अर्ज परत केला तर परत करण्याचे कारण त्याच्याकडून लेखी घ्या. ज्यांना कानडी येते त्यांनी शेजारणीचा कानडी कागद भरून द्यावा. त्यात कमीपणा नाही. प्रत्येक गल्लीतील युवक मंडळाने महिन्यातून एक सकाळ अंगणवाडीत जाऊन बसावे, काट्यावर पोरांचे वजन पाहावे आणि वाढलेले अन्न चाखून पाहावे.

आमच्या मागण्या थोडक्यात सांगतो. आहाराचा दर दरवर्षी बाजारभावाशी जोडा. मातृत्व साहाय्य कायद्याने म्हटल्याप्रमाणे किमान सहा हजार आणि प्रत्येक खेपेस द्या. किशोरीला जिल्ह्याच्या यादीतून सोडवा. सेविकेला पगार द्या आणि तिच्या शब्दाला यंत्राइतका तरी मान द्या. मराठी वस्तीतील अंगणवाडीत मराठी तक्ते आणि मराठी कागद ठेवा. ह्यांतली एकही मागणी भीक नव्हे. हे देणे आहे, थकलेले देणे आहे, आणि थकलेले देणे वसूल करावयाचे असते.

पोराला मत नाही हे खरे. पण त्याच्या आईला आहे, बापाला आहे, आजीला आहे, आणि वाचकहो, तुम्हाला आहे. उद्या कोणत्याही पक्षाचा उमेदवार हात जोडून दारी आला, तर त्याला आधी गल्लीतल्या अंगणवाडीत घेऊन जा. तेथे पोरांच्या पंक्तीला बसवून आठ रुपयांचे ते जेवण त्याच्या पानात वाढा, आणि तो ते संपवितो की नाही हे पाहून मग मताचे बोला.